पंजाबरावांच्या कपाटातले कागद

पंजाबराव चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाईनमन होते. निवृत्त झाल्यावर खांबावर चढणं सुटलं, पण हात स्वस्थ बसेनात. मलकापूरच्या एका भंगारवाल्याकडे त्यांना वहीएवढा जुना लॅपटॉप सापडला. पडद्याला तडा, बॅटरी मेलेली, आणि वेग असा की एक खिडकी उघडेपर्यंत चहा पिऊन व्हावा. पंजाबरावांनी त्यात हलकं लिनक्स घातलं, वायर राउटरला जोडली आणि तो भिंतीतल्या कपाटात ठेवून दिला. झाला घरचा सर्व्हर. वीज खायचा एका बल्बाएवढी.

संग्रामपुरातल्या त्यांच्या आळीत लोकांचे मोबाईल हरवायचे, पासवर्ड विसरायचे, पेटीतल्या कागदांना वाळवी लागायची. मग माणसं मार्कशीट, दाखले, जुने फोटो घेऊन पंजाबरावांकडे यायची. ते स्कॅन करून ज्याच्या त्याच्या नावाच्या फोल्डरात ठेवायचे. लागेल तेव्हा मोबाईलवर उघडून द्यायचे. दुसऱ्या डिस्कवर याची नक्कल ठेवायला हवी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणू, आणू म्हणत ती डिस्क दोन वर्षं आलीच नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता समता धावत आली. नर्सिंगला प्रवेश मिळालेली धम्मरत्न इंगळेंची मुलगी. काल सगळं घर दीक्षाभूमीवर गेलं होतं. तिथल्या गर्दीत कुणाच्या मोबाईलला रेंज नव्हती. आज शेगावला उतरल्यावर तिनं मेसेज पाहिला, की जात पडताळणीच्या अर्जाला जोडलेला पणजोबांचा शाळेचा दाखला अस्पष्ट आहे, स्वच्छ प्रत आज पाचच्या आत टाका.

"काका, तुमच्यापाशी चांगली प्रत हाय ना? माह्या मोबाईलमंदी तेच पुसट हाय."

"हाव, हाय ना. बस तू."

शेहेचाळीस सालचा तो दाखला पंजाबरावांनीच स्कॅन केला होता. त्यानंतरच्या पावसाळ्यात मूळ कागद वाळवीनं खाल्ला. शाळेच्या जुन्या रजिस्टरातलं ते पानही गळून गेलं होतं. म्हणजे आता तो दाखला जगात एकाच ठिकाणी होता, या कपाटात.

पंजाबरावांनी बटण दाबलं. मशीन सुरू झालं, तीन मिनिटं चाललं आणि बंद पडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. चौथ्या वेळी फुटक्या पडद्याऐवजी जोडलेल्या टीव्हीवर नुसत्या पांढऱ्या ओळी आल्या. साठवणीत चुका सापडल्या होत्या, तपासणी सुरू झाली होती. ती अर्ध्यात असताना मशीन पुन्हा विझलं.

"काका, काय झालं?"

पंजाबरावांनी मशीन पुढ्यात ओढलं. त्यांचे कान तापले होते. दुसऱ्या मशीनला लावावी म्हटलं तर साठवणीची चिप बोर्डालाच सोल्डर केलेली, काढता न येणारी. स्क्रू काढून त्यांनी पाठ उघडली, आणि टॉर्चच्या उजेडात त्यांना पंख्याच्या पात्यांत अडकलेले तांदूळ दिसले. कुंकवानं लाल झालेले.

काल दसरा. लाईनमन असल्यापासून पंजाबराव दसऱ्याला पक्कड, मीटर, शिडी पाटावर मांडून पुजत आणि त्या दिवशी हत्यारांना सुट्टी देत. काल त्यांनी सर्व्हरही रीतसर बंद करून पाटावर ठेवला होता. फुलानं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या. पंख्याची जाळी वरच्या बाजूला होती.

"कोकिळे," ते बायकोला म्हणाले, "मीच मारलं व ह्याले."

"आधी पोरीचं पाहा. मंग रडजा," कोकिळाबाई म्हणाल्या.

चिमट्यानं दाणे निघाले, पण हळदीनं जाम झालेलं एक पातं त्याबरोबर तुटलं. पंखा फिरेना. सव्वातीन झाले होते.

"तपासणीले वीस मिनिटं लागतात, आन हे तीन मिनिटांत तापून बंद पडते," पंजाबराव म्हणाले.

"तापलं तं थंड पाण्याची पट्टी ठेवाव ना. लेकराले ठेवतोच की नाई?"

"अवं, यात पाणी गेलं तं संपलं सारं!"

पण बोलता बोलताच ते थांबले. प्रोसेसरवर तांब्याची चपटी पट्टी होती. त्यांनी सपाट बुडाच्या दोन पितळी वाट्या मागवल्या आणि बुडाचा मधला भाग मोकळा सोडून कडेनं काळी चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे आजूबाजूला कुठं टेकून शॉर्ट व्हायला नको. एकीत माठातलं पाणी अर्ध्यापर्यंत भरलं, बाहेरून कोरडी पुसली आणि तांब्यावर टेकवली. बटण दाबलं.

पांढऱ्या ओळी धावू लागल्या. दर दोन मिनिटांनी कोकिळाबाई तापलेली वाटी उचलत, दुसरी ठेवत. एकदा वाटी कलली आणि एक थेंब काठावर आला.

"काकू!"

"चूप बस व. पडला नाई अजून."

त्यांनी पदरानं तो टिपला. आठ टक्के. तीस. एकसष्टवर आकडा थांबला तो थांबलाच. समता नखं कुरतडत होती. पंजाबरावांना तिच्याकडे बघवेना. मग आकडा हलला.

चार वाजून दहा मिनिटांनी फोल्डर उघडलं. काही फायली आपापल्या फोल्डरांतून निसटून एका जागी पडल्या होत्या, नावांच्या जागी नुसते आकडे. पंजाबराव एकेक उघडू लागले. कुणाच्या लग्नाचा फोटो. कुणाची मार्कशीट. सतराव्या फायलीत पिवळा कागद, शाईचं वळणदार अक्षर आणि शाळेचा गोल शिक्का, अगदी स्वच्छ.

समतानं तो मोबाईलवरून अर्जात टाकला. चार अठ्ठेचाळीसला पावती आली. ती खाली बसली आणि हमसून रडली.

डोळे पुसून तिनं पिशवीतून पेन ड्राईव्ह काढला. "काका, रागावू नका. पण हा कागद मी माह्यापाशीबी ठेवतो."

पंजाबरावांना ते लागलं. कालपर्यंत कुणी असं म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला चहासुद्धा पाजला नसता. त्यांनी मुकाट्यानं ड्राईव्ह लावला, फाईल दोनदा उघडून खात्री केली आणि तिच्या हातात दिला.

ती गेल्यावर त्यांनी फोल्डरांची यादी समोर घेतली. एकशे बेचाळीस नावं उरली होती. पहिला फोन कचरूला लावला.

"कचरू, तुह्ये कागद घेऊन जाय बे."

"काऊन भाऊ? मशीन इकली काय?"

"नाई. एकच प्रत होती माह्यापाशी, आन आज ते मीच बुडवत होतो. येताना पेन ड्राईव्ह आणजो."

पलीकडे कचरू हसू लागला. पंजाबराव त्याचं हसू थांबायची वाट पाहत राहिले. कोकिळाबाई वाट्यांतलं पाणी बदलत होत्या.