बोअरचं पाणी

तुळिंजला आमच्या शेजारी राहणारी ती, दुपारी सासू झोपली की गॅलरीत येऊन जोडवी घासायची. जुना ब्रश, टूथपावडर. एका पायातलं घासून परत घातल्याशिवाय दुसऱ्या पायातलं काढायची नाही.

"बोअरचं पाणीच मेलं असलं, वहिनी. चांदी लगेच काळी पडते."

अंगात दुखणं असलं की चांदी काळवंडते, असं तिची सासू सगळ्यांना ऐकवायची. आणि ही तर दिवसेंदिवस वाळत चालली होती. सैल झालेल्या जोडव्यांना दोरा गुंडाळायची.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "हो ना, माझीही काळी पडतात."

तिने माझ्या पायांतल्या लखलखीत जोडव्यांकडे पाहिलं आणि पावडरची डबी माझ्यापुढे सरकवली.