सॉक्रेटिसच्या बायकोचं काय झालं?

दुपारचे अडीच वाजलेत. डोळ्यांवर झापड आहे आणि पोटावर प्रुफं. पाच वाजता प्रकाशक येळावकरांचा माणूस ती न्यायला येणार, उद्या छपाई, आणि रविवारी अण्णांच्या वर्षश्राद्धाला पुस्तकाचं प्रकाशन. अण्णा म्हणजे माझे वडील, पिसाळ सर. चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी गावातल्या मुलांना फुकट तत्त्वज्ञ शिकवणारे. सॉक्रेटिस, स्पिनोझा, रांजणात राहणारा डायोजिनिस. त्यांच्या वह्यांवरून हे पुस्तक मी केलंय आणि मला त्याचा कंटाळा आलाय. हातात लाल पेन्सिल आहे. पाचच मिनिटं डोळे मिटते, असं स्वतःला सांगते.

"पाय आखडून घे. मुलं बसलीत."

खरंच बसलीत. माझा पलंग शाळेच्या हॉलमध्ये आहे आणि भोवती सतरंजीवर रविवारचा वर्ग. सगळे पन्नाशीचे, कुणाला टक्कल, कुणाचं पोट सुटलेलं, पण चड्ड्या मात्र त्याच. फळ्यापाशी अण्णा उभे आहेत. शेवटी अंगावर घातला होता तोच पांढरा सदरा. वर्षभरात एकही घडी मोडलेली नाही.

"नमस्कार, सर," मी म्हणते. वर्गात मलाही त्यांना सरच म्हणावं लागायचं.

"तात्पर्य कुणी घातलं?"

मेलेल्या माणसानं आधी मुलीची ख्यालीखुशाली विचारावी, अशी माझी आपली वेडी अपेक्षा.

"मी."

"वाच. मोठ्यानं."

मी वाचते. स्पिनोझा भिंगं घासून पोट भरायचा. तात्पर्य, कुठलंही काम हलकं नसतं. सॉक्रेटिस शिक्षेला घाबरून पळाला नाही. तात्पर्य, मुलांनो, कायद्याचा मान राखावा.

टकली मुलं फिदीफिदी हसतात.

"लाज वाटत नाही?" अण्णा म्हणतात. "स्पिनोझाला त्याच्या माणसांनी वाळीत टाकलं, ते कुठंय? प्रश्न विचारायचा म्हणून ज्याला विष पाजलं, त्याच्या गोष्टीखाली तू हे लिहितेस? ही काय ससा-कासवाची गोष्ट आहे?"

"येळावकर म्हणाले, तात्पर्याशिवाय शाळा पुस्तक घेत नाहीत."

"मग घेऊ नये. माझ्या वर्गात काय होतं? तात्पर्य होतं?"

नव्हतं. अख्ख्या गावाला माहीत आहे काय होतं. ज्या मुलाला प्रश्न पडेल त्यानं उठायचं, खडू घ्यायचा आणि फळ्यावर प्रश्न लिहायचा. तो पुढच्या रविवारपर्यंत पुसायचा नाही. सोमवारी गणिताचे सर यायचे आणि 'देव झोपतो का?' याच्या आजूबाजूला जागा शोधून बेरजा मांडायचे. त्यांनी हेडमास्तरांकडे तक्रार केली, तरी अण्णा बधले नाहीत. मी प्रस्तावनेत तेच लिहिलंय.

"प्रस्तावनाही वाचू?"

"वाच," ते म्हणतात, आणि पहिल्यांदाच चेहरा सैल होतो. कौतुक ऐकायला मेलेली माणसंही तयार असतात.

"'पिसाळ सरांनी कोणत्याही मुलाचा प्रश्न कधीही पुसला नाही.'"

"बरोबर."

"खोटं आहे ते, अण्णा. तुम्ही माझा पुसलात."

सतरंजीवर कुणीच नाही. सतरंजीही नाही. आमच्या स्वयंपाकघराची लाल फरशी आहे, आणि फडताळाच्या जागी फळा टांगलेला आहे. आई, तिशीतली, परातीत शेंगदाण्याचे लाडू वळते आहे. दर रविवारी वर्गातल्या मुलांसाठी ती ते घेऊन यायची आणि दाराबाहेर चपलांपाशी बसून ऐकायची. आत बसायला तिला कुणी नको म्हणालं नव्हतं, आणि ये म्हणालंही नव्हतं.

"विसरलात?" मी विचारते. "तुम्ही विषाच्या पेल्याची गोष्ट सांगत होता. आईनं दारातून विचारलं, आणि त्याची बायको?"

अण्णा आईकडे बघत नाहीत. "वर्ग मुलांचा होता."

"तुम्ही म्हणालात, तू लाडू वाट. सगळे हसले. मीसुद्धा हसले, अण्णा. नऊ वर्षांची होते. मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी उठले, खडू घेतला आणि आईचा प्रश्न फळ्यावर लिहिला. तुम्ही तो पुसलात. डस्टरनं नाही, तळहातानं. इतकी घाई होती तुम्हाला."

"विषय भरकटत होता."

"देव झोपतो का, हा विषय होता?"

"आवाज खाली कर, वृंदे."

हा आवाज मात्र मला पाठ आहे. बाहेर चाळीस पोरांना म्हणायचं, विचारा, मला अडवा, माझं खोडून काढा. उंबरा ओलांडला की आमटीत मीठ जास्त का झालं एवढाच प्रश्न, आणि तोही तेच विचारणार. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. गाव त्यांच्या पाया पडायचं तेव्हा माझं अंग जळायचं. अजून जळतं.

"नाही करणार खाली," मी म्हणते. "काय झालं तिचं?"

आम्ही नदीच्या घाटावर आहोत. पायऱ्यांवर प्रुफं पसरलीत आणि आई ती एकेक करून पाण्याबाहेर काढते आहे. अण्णा माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली उभे आहेत, त्यामुळे आज प्रथमच मला त्यांच्या डोक्यावरून पलीकडचं दिसतं आहे.

"ती तुरुंगात आली होती," ते चिडून म्हणतात. "शेवटच्या दिवशी. पोराला घेऊन. रडायला लागली, म्हणून त्यानं तिला घरी पाठवायला सांगितलं."

"आणि मग?"

"मग तो मित्रांशी आत्म्याविषयी बोलत बसला. तेच महत्त्वाचं आहे."

"तिचं काय झालं, सर?"

"तात्पर्य काढून टाकतेस की नाही ते सांग."

"काढते. सगळी काढते. येळावकरांना काय बोंबलायचं ते बोंबलू देत. पण आधी तिचं सांगा."

ते नदीकडे वळतात. हात पाठीमागे बांधलेले, उजवा तळहात अजून खडूनं पांढरा. आईनं ओलं प्रूफ हातात धरलं आहे आणि पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे बघते आहे. मला वाटतं, आता अण्णा ओरडणार. मला तेच हवंही आहे, म्हणजे मी उलट ओरडेन.

"माहीत नाही," अण्णा म्हणतात.

"काय?"

"मला माहीत नाही! झालं समाधान? घरी गेल्यावर तिचं काय झालं, ते मला माहीत नाही. मी कधी शोधलंच नाही." आणि ते माझ्याकडे खडू फेकतात. मायेनं देत नाहीत, फेकतात. तो माझ्या बोटांवर लागतो, दुखतो, आणि मी तो पकडते.

"वृंदा, ए वृंदा. साडेचार वाजले."

आई. अठ्ठ्याहत्तरची, हातात चहाची कपबशी. उन्हाची तिरीप पलंगापर्यंत आलीय. माझ्या मुठीत लाल पेन्सिल घट्ट धरलेली, इतकी की बोटांवर वळ उठलेत.

"झोपेत काय लिहीत होतीस गं? कागद फाटायचा राहिलाय नुसता."

सॉक्रेटिसचं पान वर आहे. 'तात्पर्य'वर तीन आडव्या रेघा आहेत. खाली, समासातून घसरत गेलेल्या, नऊ वर्षांच्या पोरीच्या अक्षरांत, लाल रंगात प्रश्न आहे, 'आणि त्याची बायको?' मी प्रस्तावनेचं पान काढते आणि 'कधीही पुसला नाही' हे अख्खं वाक्य, यावेळी पुरती जागी राहून, खोडते. 'सरांनी एकच प्रश्न पुसला, तो सॉक्रेटिसच्या पानावर आहे' असं लिहिते.

आई चष्मा लावून आधी प्रस्तावना वाचते, मग लाल प्रश्न. बराच वेळ वाचते. एवढीशी ओळ.

"हा माझा आहे," ती म्हणते.

"हो."

"तुझ्या स्वप्नात आले होते?"

"आले होते. भांडलो."

"मग सांगितलं का उत्तर?"

"नाही. माहीत नाही म्हणाले."

आई कपबशी खाली ठेवते. पदरानं चष्मा पुसते, परत डोळ्यांवर चढवते, आणि माझ्याकडे नीट बघते.

"असं म्हणाले?" ती विचारते. "स्वतःच्या तोंडानं?"