ओळख न दाखवणारी नणंद

माझ्या नणंदेला मी कुलूप म्हणते. तोंडावर म्हणते, मागून नाही. मागून बोलायची मला सवय नाही, म्हणजे फारशी नाही. ती समुपदेशक आहे. लोक तिच्यासमोर बसून मनातलं सगळं ओततात, ती ते घेऊन घरी येते, भाजी निवडते आणि ताकास तूर लागू देत नाही. एकदा मी म्हटलं, "नाव नको सांगूस. मी अंदाज करते, तू नुसती मान हलव." तर बाईसाहेबांनी जेवण होईपर्यंत मान सरळ धरून ठेवली.

तिच्या खोलीत भिंतीवर नियमांचा कागद आहे. इथलं बोलणं इथेच राहील. कुणाच्या जिवावर बेतलं किंवा कोर्टाने हुकूम केला तरच बाहेर जाईल, आणि तेही लागेल तेवढंच. नात्यातल्या माणसांना इथे घेतलं जात नाही. ही शेवटची ओळ माझ्यामुळेच लिहिली असावी, कारण नवऱ्याला तिच्यासमोर बसवून त्याचा हट्टीपणा काढून घ्यायचा माझा बेत होता.

"तो माझा भाऊ आहे, वहिनी. मी कुणाची बाजू घेऊ?"

"माझी. त्यात विचार कसला करायचा?"

तिने दुसऱ्या एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला.

पण खरी गंमत तिच्या रस्त्यातल्या नियमाची. जे तिच्याकडे येतात त्यांना ती बाहेर आपणहून ओळख दाखवत नाही. त्यांनी आधी हाक मारली तर बोलेल. कारण त्यांच्याबरोबर कुणी असलं आणि त्याने "या कोण?" असं विचारलं, तर त्या माणसाने काय सांगायचं? ऐकायला छान आहे. पण आमची नणंद पडली बोलघेवडी. बाकी सगळ्या गल्लीला ती हसून "काय, बरं आहे ना?" करत जायची, आणि तिथेच घोळ झाला.

कोपऱ्यावर शिलाईवाल्या काकूंचं दुकान आहे. त्यांचे पाय मशीनवर आणि डोळे रस्त्यावर. त्यांनी बरोबर हेरलं, की ही जिच्याकडे बघून हसत नाही, ती हिच्याकडे जाते. मी पडदे शिवायला टाकायला गेले तेव्हा तोंडातल्या टाचण्या न काढताच त्या म्हणाल्या, "बालवाडीच्या बाईंशी तुमची नणंद हल्ली बोलत नाही. पूर्वी किती गप्पा चालायच्या. आता आपली पोरं कुणाच्या हाती द्यायची, सांगा बरं."

दुकानात दोन आया उभ्या होत्या. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या बाईंचं घर एकट्या त्यांच्या पगारावर चालतं. आयांनी पोरं काढली तर बाईंची नोकरी गेलीच. काकूंचा असा राग आला मला, की वाटलं, पडदे उचलून घरी आणावेत.

घरी येऊन नणंदेला सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"मग त्या येत नाहीत असं सांगून टाक ना. संपला विषय," मी म्हटलं.

"आज एकीसाठी नाही म्हटलं, तर उद्या दुसरीच्या वेळी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ 'हो' होईल, वहिनी. मला काहीच बोलता येणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून तिने रस्त्यात सगळ्यांनाच ओळख दाखवायची बंद केली. दूधवाल्याला, शेजारणीला, मलासुद्धा. गल्ली म्हणाली, शिष्ट झाली. होऊ दे म्हणाली ती. पण एकदा सासूबाई समोरून भाजीची पिशवी घेऊन येत होत्या आणि ती त्यांच्याजवळून तशीच पुढे गेली. घरी आल्यावर सासूबाईंचा तिळपापड झाला. आधीच लेकीच्या कामाची त्यांना लाज. कुणी विचारलं तर "दवाखान्यात असते" एवढंच सांगायच्या. त्यात भर रस्त्यात पोटच्या पोरीने असं करावं! लेक शेजारी बसून "आई, कारण विचारू नकोस" म्हणत राहिली आणि या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मला बघवेना.

मग मीच त्यांना स्वयंपाकघरात नेऊन, दुकानात मी स्वतः काय ऐकलं ते सांगितलं. सासूबाई ताट पुसत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या बाईची नोकरी जाईल?"

"जाऊ शकते."

चार दिवसांनी पडदे आणायला निघाले तर त्याही बरोबर आल्या. दुकानात त्याच दोन आया होत्या, आणखीही कुणी होत्या. तेवढ्यात नणंद रस्त्याने गेली, आमच्याकडे ढुंकूनही न बघता.

काकू हसल्या. "आजी, लेक तुमच्याकडेही बघत नाही. तुम्हीपण तिच्याकडे जाता की काय?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी माझा हात दाबला.

"जाते की," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मन आहे, दुखतं कधीकधी. तुमचं नाही दुखत?"

काकूंनी खाली बघून मशीन चालू केलं. लेकीच्या कामाची लाज वाटणाऱ्या माझ्या सासूबाई तिच्यासाठी चारचौघांत धडधडीत खोटं बोलल्या आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की पडद्यांची घडीसुद्धा नीट घालता येईना.

आम्ही बाहेर पडलो तशी आतल्या बायकांतली एक मागोमाग दाराशी आली. "आजी," तिने हळूच विचारलं, "वेळ आधी घ्यावी लागते का?"

सासूबाई गडबडल्या, त्यांना काय माहीत! "घ्यावी लागते," मी म्हटलं आणि नणंदेचा नंबर दिला.

बालवाडीच्या बाईंचा विषय त्या दुकानात पुन्हा निघाला नाही. आणि दाराशी आलेली ती कोण, हे मी अजून माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.