कुलपातली खेळणी

आमच्या सक्करदऱ्याच्या वस्तीतल्या अंगणवाडीत खेळणी आहेत, आणि चांगली आहेत. लाकडी ठोकळे, ओवायचे मोठे मणी, एक ट्रक, तुकडे जोडून चित्र करायचं ते. सगळी लोखंडी कपाटात, आणि कपाटाला कुलूप. ती आहेत हे मला कळलं तेच मुळी मोठ्या मॅडम तपासणीला यायच्या होत्या त्या दिवशी. तोवर मी रोज नातीला तिथं सोडायची आणि आणायची, अन् खेळणी म्हणाल तर डोळ्यांनी पाहिली नव्हती.

लेक गांधीबागेत कपड्याच्या दुकानात कामाला आहे, सकाळीच निघते, म्हणून साडेतीन वर्षांची नात माझ्याकडे. दारातून बघावं तर लेकरं भिंतीला टेकून ओळीत बसलेली, हाताची घडी, तोंडावर बोट. मग एखादं गाणं, मग खिचडी, मग घर. मी म्हणायची, गरिबांची खोली आहे बाई, खेळणी कुठून येणार? अशी आपणच आपली समजूत घालतो, आणि ज्यांना जाब विचारायचा ते सुखात राहतात.

तपासणीच्या दिवशी लेकरांना धुतलेले कपडे घालून पाठवा असा निरोप आला. गेली तर खोलीत सतरंजी अंथरलेली, तिच्यावर खेळणी मांडलेली, अर्धी अजून प्लास्टिकच्या पन्नीतच. वर ताकीद, मॅडम येईपर्यंत हात लावायचा नाही. आता तुम्हीच सांगा, एवढ्याशा लेकरासमोर ट्रक ठेवायचा आणि नुसतं पाहा म्हणायचं, हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल? मॅडम आल्या. "खेळा रे बाळांनो," म्हणाल्या. मोबाइलवर फोटो निघाले. मॅडमची गाडी वळली न वळली तोच अंगणवाडीच्या ताई खेळणी गोळा करायला लागल्या.

नातीच्या मुठीत एक लाल ठोकळा होता. ती देईना. ताईंनी तिची बोटं एकेक करून उघडली आणि ठोकळा काढून घेतला. पोरगी रडली नाही. भिंतीजवळ गेली, हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

रडली असती तर मी उचलून कडेवर घेतली असती. तिचं ते शहाण्यासारखं बसणं पाहून माझ्या अंगाचा भडका उडाला.

"काहून वं पोरी," मी ताईंना म्हटलं, "लेकरायले खेळाले आलेलं सामान कुलपात काहून?"

"आजी, तुटलं तं जाब मलेच विचारतेत. त्या पलीकडच्या अंगणवाडीत ट्रकचं चाक निघालं, तं मॅडम मीटिंगमध्ये सगळ्यायसमोर बोलल्या तिथल्या ताईले. सामान नवं दिसलं पाहिजे म्हणतेत."

"म्हणजे लेकरू कोमेजलं तं चालते, ट्रक कोरा पाहिजे."

ताई ठोकळे गोळा करत राहिल्या. लेकराला घ्यायला आलेली एक शेजारीण मात्र बोलली, "ताईचं बरोबर हाय आजी. आमच्या घरी पहिल्या वाढदिवसाची बाहुली अजून शोकेसमध्येच हाय, पन्नीसकट. पोट्ट्यायच्या हाती देल्ली असती तं कवाच मुंडकं निघालं असतं."

"अन् पोट्टी कोणासंगं खेळते?"

"चमच्यासंगं," ती हसली.

तिच्यावर काय रागवायचं? चांगलं ते बघायला, मोडकं ते वापरायला, हे आमच्या घराघरातलं वळण. पण सरकारनं पाठवलेल्या खेळण्यांनाही तेच वळण लावायचं?

मी पूर्वी शहराच्या त्या अंगाला एका बंगल्यात मूल सांभाळायची. त्याला नर्सरीत पोचवून बाहेर बाकावर थांबायची. एकदा त्यानं लाकडी घोडा आपटला, पाय तुटला. तिथल्या टीचर म्हणाल्या, "अगंबाई, आता याला पट्टी बांधावी लागणार." सगळा वर्ग दवाखाना खेळला. घोड्याला पट्टी, घोड्याला औषध, घोडा झोपला म्हणून सगळे चिडीचूप. मोडलेल्या वस्तूतून ती लेकरं केवढं शिकली. आमची लेकरं त्याच वयात शिकली हाताची घडी. वस्तू मोडायची मुभा एका लेकराला जन्मासोबतच मिळते आणि दुसऱ्याला शिवायचीही नाही, आणि वरून पहिलीत गेल्यावर म्हणायचं, ही वस्तीतली पोरं मागे पडतात.

दुसऱ्या दिवशी नात चौकट धरून उभी. "मले नाई जायचं. ताई हात लावू देत नाई." संध्याकाळी लेक म्हणाली, "मी कॉन्व्हेंटमध्ये टाकतो तिले." कशाच्या भरवशावर टाकणार होती, ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

मग एका सकाळी नातीचा हात धरून मीच आत जाऊन सतरंजीवर बसली. ताईंना म्हटलं, "उघड कपाट. काही तुटलं तं मॅडमले माझं नाव सांगजो. म्हणजो, एक म्हातारी येऊन बसते, ऐकत नाई."

"आजी, तुम्ही मले मीटिंगमध्ये उभी कराल."

"उभी केली तं मीबी येतो संगं. माझे गुडघे दुखतेत, पण तोंड नाई दुखत."

ताई हसल्या नाहीत. बराच वेळ किल्ली हातात फिरवत राहिल्या. मग उठून कपाट उघडलं. पोरं मधमाश्यांसारखी तुटून पडली. नात भिंतीजवळच. मी बोलावलं, आली नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती, ताईंकडे बघत होती. शेवटी ताईंनीच मण्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "घे." तेव्हा तिनं एक मणी उचलला. एकच.

आता ती रोज जाते, कपाट उघडं असतं, मीही अधूनमधून जाऊन बसते. बाकीच्या वस्त्यांमध्ये कोण बसत असेल, देव जाणे. आणि म्हातारीनं जाऊन का बसावं लागावं? ज्यांनी खेळणी पाठवली त्यांनीच एका ओळीत लिहायचं होतं, तुटली तर तुटू द्या.

पोरगी खेळते, पण नव्या वस्तूला हात लावण्याआधी अजून मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघते. परवा भाजीच्या टोपलीतला टमाटा घ्यायचा होता तरी थांबली. मी म्हटलं, "घे नं माय, तुझाच हाय." तरी आधी एक बोट लावून बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.