सातमाशीचं डोकं

अमेरिकेत कुठंशी लढाई जुंपली होती म्हणे, आणि आमच्या अकोल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अंगणात दिवसभर रेचे फिरायचे. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. त्या धबडग्यात मला सातव्याच महिन्यात मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी.

आधीचा मुलगाही असाच अपुऱ्या दिवसांचा. आमच्याकडे लेकराला न्हाऊ घालताना दोन्ही तळव्यांनी डोकं दाबून गोल करायची रीत. सासूबाईंचा त्यात हातखंडा. सगळ्या आळीची डोकी त्यांनीच घडवलेली. पहिल्या आंघोळीनंतर मुलाची टाळू फुगून ताठ झाली, त्याला झटके आले आणि तो गेला. घरच्यांनी दृष्टीवर ढकललं. माझं मन मात्र त्या तळव्यांपाशीच अडून राहिलं.

म्हणून या खेपेला मी हट्टाला पेटले. नवऱ्याकडून स्वच्छ रुई मागवली, मुलीला तिच्यात गुंडाळलं आणि छातीशी धरून बसले. सासऱ्यांचा जीव कळवळला, तो रुईसाठी. सासूबाई ऊन पाणी घेऊन आल्या.

"आन वं तिले इकडं. आंघोय घाला लागते."

"नाई देत, आत्याबाई. तिच्या डोक्याले कोनी हात लावाचा नाई."

"काहून? मी काय वैरीन हाय तिची?"

"पोरगं गेलं माह्यं. हे नाई जाऊ देत."

पाणी निवून गेलं. आळीतल्या बायांनी मला नावं ठेवली; मी कुणाला भीक घातली नाही. बोळ्यानं थेंब थेंब दूध पाजायची आणि टाळूवर हलकेच बोट टेकवून बघायची. तेवढा वेळ जीव मुठीत असायचा. टाळू मऊच राहिली.

अशा लेकरांच्या डोक्यातल्या शिरा फार कच्च्या असतात, जराशात आत रक्तस्राव होतो, हे पुष्कळ वर्षांनी अमरावतीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मी मुलासाठी पोटभर रडले.

पण मुलीनं बाळसं धरलं. त्या हंगामातल्या कापसाच्या शेवटच्या गाड्या गेल्यावर मी स्वतःच तिला सासूबाईंच्या पायांवर ठेवलं. त्यांनी सगळं अंग चोळलं आणि डोक्यापाशी येऊन हात आखडले.

"डोकं तू धू वं," त्या म्हणाल्या. "माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला मले."

मी धुतलं. मुलीनं आळीभर ऐकू जाईल असं भोकाड पसरलं, आणि आम्ही दोघी सासू-सुना डोळे पुसत मोठ्यानं हसलो.