आप्पा दुकानात गेलेत

आमच्या नांदूरघाटात ऑर्केस्ट्रा म्हटलं की तो गणपतीतला. बीडहून टेम्पोत स्पीकर यायचे, चमचमत्या कपड्यातल्या दोन बाया सिनेमातली गाणी म्हणायच्या आणि पुढं बसलेले पुरुष शिट्ट्या मारत दहाच्या नोटा उडवायचे. त्यामुळं मुंबईत मला ऑर्केस्ट्रात नोकरी लागली, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुला अंबाजोगाईला मावशीकडं शिकायला ठेवली ती ह्याच्यासाठी का?"

मावशीकडं असताना शाळेतल्या संगीताच्या सरांनी मला व्हायोलिन शिकवलं होतं. पुढं पुण्याला कॉलेजात गेले. तिथं विलायती पद्धतीचं वादन शिकवणाऱ्या एका बाईंनी माझे लांब हात पाहून व्हायोला दिला. व्हायोलिनसारखाच असतो, पण जरा मोठा आणि आवाजानं जाड. सत्तर-ऐंशी वादकांच्या ताफ्यात व्हायोलावाले दहा-बारा, त्यांत शेवटच्या खुर्चीवर मी. हे सगळं फोनवर सांगून आप्पांना पटेना. शेवटी ते धाकट्या भावाला घेऊन स्वतःच मुंबईला आले. पांढरं धोतर, टोपी, कपाळाला विभूती लावून दोन तास सभागृहात बसले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "कुणी बोलंना, कुणी शिट्टी मारंना. माणसं खोकला आला तरी दाबून धरायलीत." थोडं चालल्यावर म्हणाले, "पण तुजं वाजलेलं कोणतं, ते काय मला कळलं न्हाई."

"न कळणंच बरोबर असतं, आप्पा. माझं वेगळं ऐकू आलं तर ती चूक."

"मंग लई अवघड काम हाय," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी विरोध केला नाही. उलट भांड्यांच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ते माझ्याबद्दल सांगायला लागले. मी कुठंही वाजवून आले की फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "आज किती माणसं व्हती?"

तीन वर्षांपूर्वी आमचा ताफा युरोपात गेला. पंधरा दिवस, सहा शहरं, आणि पियानो वाजवायला दोन पाहुणे कलाकार. एक तरुण होता, तो सगळं पाठ वाजवायचा. दुसऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या, उंच, पांढऱ्या केसांचा बुचडा बांधणाऱ्या. एका कार्यक्रमाला तो, दुसऱ्याला त्या. बाईंचा आता पाठांतरावर भरवसा नव्हता, त्या समोर स्वरलिपीची वही ठेवून वाजवायच्या. अशा वेळी पानं उलटायला शेजारी कुणीतरी लागतं.

चौथ्या दिवशी सुट्टी होती. आम्ही सातआठ जण नदीतल्या बोटीत फिरलो. तिथं कुणीतरी माझा फोटो काढला, वाऱ्यानं केस तोंडावर आलेत आणि मी मोठ्यानं हसतेय. तो मी घरच्या ग्रुपवर टाकला. थोड्या वेळानं भावाचा अंगठा आला.

पाचव्या दिवशी सकाळी नाश्त्याला आमच्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं. ते वयस्कर गृहस्थ, एरवी बडबडे. पण त्या दिवशी माझ्याकडं न बघता बोलत होते. म्हणाले, बाईंची पानं उलटायला तू बस. त्या वाजवतात त्या रचनेला एक व्हायोला कमी चालेल. बाईंनी स्वतः तुला मागितलंय.

मला केवढा आनंद झाला. शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाला कुणी नावानं मागितलं, असं कधी घडत नाही. मी लगेच घरी फोन लावला. आपल्याकडं तेव्हा दुपार होती. आईनं उचलला.

"आप्पांना दे."

"आप्पा दुकानात गेलेत," आई म्हणाली.

"तुझा आवाज असा का?"

"सर्दी झाली. तू जेवलीस का?"

"आई, मला पियानोच्या बाईंनी शेजारी बसायला मागितलंय. आप्पांना सांग."

"सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पानं उलटणं दिसतं तितकं सोपं नाही. डाव्या बाजूला, जरा मागं बसायचं. आपली सावली वहीवर पडू द्यायची नाही. पान संपायच्या आधी उठायचं, वरचा कोपरा चिमटीत धरायचा आणि बाईंनी मान हलवली की एका झटक्यात उलटायचं. बाई दुपारी तास-दीड तास सराव करायच्या, तेव्हा मीही असायची. सराव संपला तरी त्या मला जाऊ द्यायच्या नाहीत. पिशवीतून सफरचंद काढायच्या, छोट्या सुरीनं फोडी करून माझ्यापुढं धरायच्या.

दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "तुझ्या वडिलांबद्दल सांग."

मी सांगत सुटले. आमचं भांड्यांचं दुकान आहे, म्हटलं. आप्पा पितळेच्या घागरीवर बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि घागर अखंड की डाग देऊन सांधलेली ते आवाजावरून ओळखतात. माझा कान त्यांच्याकडूनच आलाय. मुंबईला आले तेव्हा ताफ्यापुढं काडी हलवणाऱ्या कंडक्टरला 'काडीवाला' म्हणाले, तेही सांगितलं. मी हसत होते. बाई माझ्याकडं बघत नव्हत्या. पियानोच्या पट्ट्यांवर हात ठेवून, मान खाली घालून ऐकत होत्या. मी थांबले की विचारायच्या, "आणखी?"

असं रोज चाललं. आणि रोज मी घरी फोन करायची. आप्पा झोपलेत. आप्पा धर्मापुरीला गेलेत, पाहुण्यांत लग्न हाय. आप्पांचा फोन बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय. एकदा मागं खूप माणसांचा आवाज येत होता. मी विचारलं तर भाऊ म्हणाला, "शेजारच्या बाया आल्यात, आईसंगं बोलायल्यात." मला खटकलं नाही असं नाही. पण सातव्या-आठव्या दिवसापर्यंत मी त्या बाईंच्या आणि त्या वहीच्या इतकी नादी लागले होते की खटकलेलं मनात फार वेळ टिकत नव्हतं. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

शेवटच्या कार्यक्रमानंतर बाईंनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "मुंबईत थांबू नकोस. सरळ घरी जा."

पहाटे मुंबईला उतरलो तर विमानतळाबाहेर भाऊ उभा. तो आधी कधीच न्यायला आला नव्हता. "कावून आलास रे?" मी विचारलं. "आईला जरा बरं न्हाई, म्हणून गाडी घेऊन आलो," तो म्हणाला. एवढं बोलून त्यानं माझी बॅग उचलली. वाटेत मी त्याला तिकडच्या गोष्टी सांगत होते, तो हूं हूं करत होता. बाईंनी जाताना मला एक रेशमी रुमाल दिला होता, तो मी आप्पांना गळ्याला बांधायला देणार होते. तेही त्याला सांगितलं.

लिंबागणेशला चहाला थांबलो तेव्हा दुपार कलली होती. भाऊ टपरीवर चहा आणायला गेला. मी गाडीला टेकून उभी होते. आमच्या गावचा एक म्हातारा एसटीची वाट बघत बसला होता, तो उठून माझ्याकडं आला.

"आलीस का बाई," तो म्हणाला. "लई वाईट झालं. आप्पा देवमाणूस व्हते. माती व्हती त्या दिवशी आख्खी पेठ बंद व्हती."

शब्द सगळे कळले, पण कोणाबद्दल बोलतोय ते कळायला वेळ लागला. भाऊ दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन आला आणि म्हाताऱ्याचं तोंड बघून जागीच थांबला.

"कधी?" मी विचारलं.

"तू गेलतीस ना, त्याच्या चौथ्या दिवशी. सकाळी सातला. छातीत दुखायलंय म्हणाले, गाडीत घालून अंबाजोगाईला न्यायला निघालो तर केजच्या अलीकडंच..." त्यानं कप गाडीच्या टपावर ठेवले. "आपल्यात ठेवत न्हाईत, तुला ठावं हाय. त्याच दिवशी संध्याकाळी बसवले. तू आली असतीस तरी पोचली नसतीस."

चौथ्या दिवशी. बोटीतला फोटो. मी मोबाइल काढून भावाच्या अंगठ्याची वेळ बघितली. तेव्हा आपल्याकडचे रात्रीचे आठ वाजले होते. म्हणजे तो मातीहून घरी येऊन बसला असणार.

"तू अंगठा लावलास," मी म्हणाले.

"मंग काय लावू?" तो म्हणाला आणि रस्त्यातच रडायला लागला. मला रडू आलं नाही. मी त्याला जवळही घेतलं नाही. पुढचा सगळा रस्ता मी मागच्या सीटवर बसून आले.

घरी आप्पांचा फोटो टेबलावर होता, हार वाळला होता. आई भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "तू रोज बोललीस कशी माझ्याशी?"

"तुजा आवाज ऐकायचा व्हता मला," आई म्हणाली. "तेवढाच घरात एक आवाज व्हता, ज्याला काय ठावं नव्हतं."

मी खाली बसले. तिनं माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर परमुलखात एकली रडली असतीस. कोण व्हतं तुला तिथं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भावानं मला समाधीच्या जागी नेलं. आमच्यात जाळत नाहीत. माणसाला मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात, अंगावर विभूती आणि बेलाची पानं घालून मातीआड करतात. ढिगाऱ्यावरची माती वरून कोरडी पडून तडकली होती. मी बसले, हात लावला. खालची माती अजून ओलसर होती. भाऊ लांब उभा होता. जाताना मी रेशमी रुमाल बरोबर नेला होता, पण तिथं ठेवायचं धाडस झालं नाही. अजून तो माझ्याकडंच आहे, कपाटात.

महिन्यानं मी मुंबईला परतले आणि व्यवस्थापकांना गाठलं. ते नाकारत बसले नाहीत. भावानं माझ्या व्हिसाच्या कागदावरून त्यांचा नंबर शोधला होता आणि विनवलं होतं की परत येईपर्यंत सांगू नका. ते ऐकून त्यांना नाश्त्याच्या टेबलावरच रडू फुटलं. समोर पियानोवाल्या बाई होत्या. काय झालं ते कळल्यावर त्या म्हणाल्या, तिला माझ्याजवळ द्या.

"म्हणजे मला पानं उलटता येतात म्हणून नाही," मी म्हणाले.

"नाही," ते म्हणाले. "पण त्या रोज संध्याकाळी माझ्याशी भांडायच्या. तिला सांगितलं का, विचारायच्या. मी घरच्यांना शब्द दिलाय म्हणायचो. हे चूक आहे, त्या म्हणायच्या, आणि तरी गप्प राहायच्या."

किती दिवस मला कशाचा राग जास्त आला ते ठरवता येईना. आप्पा गेल्याचं मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, त्याचा. की मला वाटलेला मान मुळात दया होती, त्याचा. मी बाईंना पत्र लिहिलं, दोनच ओळींचं, तेही तिखट. उत्तर लगेच आलं. त्यांनी लिहिलं होतं की मी सांगायला हवं होतं. तू रोज शेजारी बसायचीस आणि मी रोज उद्या सांगू म्हणायचे. तू वडिलांबद्दल अशी बोलायचीस की मला तो माणूस अजून एक दिवस असावा असं वाटायचं.

ते पत्र वाचून मी पहिल्यांदा मोकळेपणानं रडले, खोलीत एकटी बसून, व्हायोलाच्या पेटीवर डोकं ठेवून. राग मात्र गेला नाही. भावाशी वर्षभर कामापुरतंच बोलत होते. त्याची मुलगी जन्मली तेव्हा गेले. पोरीला माझ्या मांडीवर ठेवून तो म्हणाला, "ह्याच्यापुढं काय बी झालं तर आधी तुला सांगीन." मी मान डोलावली. त्याला खरं वाटलं असेल. मला अजून वाटत नाही.

यंदा आम्ही पुन्हा बाहेर गेलो होतो. रोज दुपारी मी आईला व्हिडिओ लावायला सांगायची. तिला फोन धरता येत नाही, कपाळ आणि छतच दिसतं. मी म्हणायची, खाली घे, तोंड दाखव. आता भाऊ दाखव. आता पोरगी. आई वैतागायची. "हाय की आमी समदे," म्हणायची, "किती डाव बघशील?"