पुलाच्या अलीकडची वेणी

माझ्या नणंदेला बूड टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवतानासुद्धा त्या दोनदा उठणार. एकदा मीठ आणायला आणि एकदा मीठ जागेवर ठेवायला. गाव त्यांना भिंगरी म्हणतं. मी वन्सं म्हणते, थोरल्या आहेत ना.

आमच्याकडे गवताच्या चटया होतात. सात काड्यांची वेणी घालत जायची आणि मग ती गोल गोल शिवायची. वेणीला टेबल लागत नाही, खुर्ची लागत नाही. काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पेंढी, चार काड्या ओठांच्या कोपऱ्यात, आणि पाय चालते.

लग्न होऊन आले तेव्हा माझी वेणी मध्येच फुगायची. वन्संनी मला सरळ दाराबाहेर ढकललं. "चल. एका पावलाला एक वळण. पाऊल चुकलं तर काडी चुकेल, आणि काडी चुकली तर मी आहेच मागे." गिरणीपर्यंत जाऊन येईस्तोवर मी रडकुंडीला आले, पण वेणी सरळ उतरली. गिरणीच्या दोन फेऱ्या म्हणजे एक छोटी चटई, हे माप मी तेव्हापासून धरलंय.

पुढे कुठले कुठले कारखाने प्लॅस्टिकच्या चटया आमच्या गावाच्या नावावर खपवायला लागले. आमच्या सोसायटीने खेटे घालून घालून भौगोलिक मानांकन मिळवलं. आता ते नाव फक्त इथल्या हद्दीत, हाताने केलेल्या चटईलाच. शिक्का मारायचा तोही नोंदणी झालेल्यांनीच. मी खूश झाले. मग चिटणिसांनी नकाशा उलगडला. हद्दीची लाल रेघ नेमकी पुलाच्या मधून गेली होती. आणि वन्सं पुलापलीकडे, लेकीकडे राहतात. इकडचं घर पाडलं गेलं तेव्हापासून.

नोंदणीच्या यादीत माझं नाव होतं, त्यांचं नव्हतं. जिने शिकवलं ती बाहेर आणि जिची वेणी फुगायची ती आत! त्या दिवसापासून माझाच पाय एका जागी ठरेना. भाजी टाकली की दारात, दारातून पुलावर, पुलावरून पुन्हा करपलेल्या भाजीकडे.

"वन्सं, माझा पत्ता लावा," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," त्या ओठांतल्या काड्यांआडून म्हणाल्या.

"मग खरंच राहायला या."

"तुझ्याकडे? तिसऱ्या दिवशी आपल्याला सोडवायला माणसं बोलवावी लागतील."

मानांकनाच्या तपासणीच्या बाई आल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये एकेकीला खुर्चीवर बसवून वेणी घालून घेत होत्या. चिटणिसांनी हातापाया पडून वन्संचाही अर्ज पुढे सरकवला. वन्संना खुर्चीवर बसवलं. खुर्चीखाली पाय नुसते वळवळत होते, वर बोटं अडत होती. वेणी फुगली. अगदी माझ्या पहिल्या वेणीसारखी!

बाईंनी ती दोन बोटांत धरली. "आजी, ही तर सैल आहे."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. वन्संचे कान लाल झाले. त्या ताडकन उठल्या. "झालं. कामं पडलीत मला."

मी आडवी गेले. "बाई, यांना बसवू नका. चालवा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही पण चपला घाला."

निघालो. पुढे वन्संचे हात, मागे बाईंचा कागद, त्याच्या मागे धापा टाकत मी.

"काम कुठे करता, आजी?"

"रस्त्यावर."

"अहो, मला इथे जागा लिहायचीय."

"मग रस्त्यावर लिहा."

गिरणी गेली, पाण्याची टाकी गेली. वेणी सापाच्या पाठीसारखी गुळगुळीत उतरत होती, आणि बाई लिहायचं विसरून तिच्याकडेच बघत होत्या. पुलाच्या मध्यावर दिव्याचा खांब आहे. तिथे त्यांनी नकाशा उघडला.

"आजी, थांबा. हद्द इथे संपते."

वन्संनी जागच्या जागी पावलं टाकत विचारलं, "आणि इथवरची वेणी?"

"ती चालेल. वस्तू कुठे तयार होते एवढंच नियम विचारतो, तुम्ही झोपता कुठे ते नाही. पण खरं सांगा, पलीकडे वेणी घालता की नाही?"

नाही म्हणा, नाही म्हणा, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

"घालते की," वन्सं म्हणाल्या. "डोळा उघडल्यापासून घालते. निम्मी तिकडेच होते."

मी कपाळावर हात मारला. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"आणि यापुढे?"

वन्संनी हातातल्या वेणीकडे पाहिलं, मग पलीकडच्या रस्त्याकडे. ओठांतल्या काड्या काढल्या, फडक्यात गुंडाळल्या. "यापुढे या खांबापासून."

"मी न सांगता तपासायला येईन हं."

"या. चपला घालून या."

नाव लागलं. आता रोज सकाळी मी खांबाशी उभी असते. पलीकडून वन्सं येतात, पेंढी काखेत आवळलेली, हाताची घडी. पण घडीतली बोटं सारखी वळत असतात, रिकामी. संध्याकाळी खांबाशी काड्या गुंडाळताना तर त्यांचं तोंड पाहवत नाही. लेक सांगत होती, आईने घरातल्या सगळ्या पडद्यांच्या झालरी विंचरून त्यांच्या वेण्या घातल्यात. पडदे वीतभर आखूड झालेत.

परवा मी म्हटलं, "वन्सं, तिकडे असता तेवढा वेळ तरी जरा बसत जा. अंगाला आराम."

खांब ओलांडून त्यांनी चार काड्या ओठांत धरल्या, तीन माझ्या हातात कोंबल्या.

"पाऊल टाक," म्हणाल्या. "तुझी अजून फुगते."